सारसाचा लाल दिवा

उन्हाळ्याच्या दुपारी खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे लावून खोली निवली की कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरचा लाल दिवा ठळक दिसू लागतो. वीज गेलेली असते, पंखा संथ झालेला असतो, वाळ्याचा गार, मातकट गंध घरभर पसरलेला असतो, आणि त्या अर्ध्या अंधारात तो इवलासा तांबडा ठिपका उघडझाप करीत राहतो. घरातल्या कुणाचेही त्याच्याकडे लक्ष नसते. मी मात्र तो दिसला की मोजू लागतो. डोळे मिटून घेतले तरी तो पापणीच्या आत लुकलुकतच राहतो, आणि माझे ओठ नकळत हलू लागतात. सूनबाईने एकदा ते पाहिले आणि विचारले, "बाबा, जप करता का?" मी हो म्हणालो. किती सोपे असते हो म्हणणे!

तो जप नव्हे. ज्या गोष्टीपायी मी दिवे मोजत बसतो, ती गोष्ट सांगणे मी वर्षानुवर्षे टाळत आलो आहे. पत्नीला सांगितली नाही. ती ऐकून घेईल आणि काहीच बोलणार नाही, याचे भय वाटे. मित्रांच्या बैठकीत जुन्या यंत्रांचा विषय निघाला तर त्यातला गमतीचा भाग मी रंगवून सांगत असे, आणि पुढचे वळण जवळ आले की चहा मागवीत असे. लोक हसत, चहा येई, वळण राहून जाई. आता ते मित्रही फारसे उरले नाहीत आणि चहाही डॉक्टरांनी बंद केला आहे. तेव्हा वाचणाऱ्या, तू जरा जवळ बस. या खेपेला ते वळण चुकवणार नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही हकीकत. कारखान्यांची छपरे, उंच शेडी, पाण्याच्या टाक्या रंगवून देणाऱ्या नागपूरच्या एका ठेकेदाराकडे मी विजेचे काम पाहत असे. तोवर आमची माणसे बांबूच्या परांचीवर चढून रंग देत. मग मालकांनी कुठूनसे एक वापरलेले परदेशी यंत्र आणले. चार जाड चाकांवर बसलेले अवजड धड, त्यावर दुमडून ठेवलेला लांबच लांब लोखंडी हात, आणि हाताच्या टोकाला दोन माणसे उभी राहतील एवढा कठड्याचा पिंजरा. पिंजऱ्याला आमची माणसे पाळणा म्हणू लागली. पहिल्या दिवशी तो हात सावकाश उलगडत आकाशाला भिडला, तेव्हा गोंदियाकडचा एक म्हातारा रंगारी डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "अरे, हा तं सारस हाये!" आणि त्या यंत्राचे तेच नाव पडले. तळ्याकाठी सारस पक्षी मान उंचावतो, ती मान उंचावण्यात किती संथ दिमाख असतो! आमच्या लोखंडी सारसाच्या मानेतही तो होता. खाली उभे राहून पाहताना मला उगीचच अभिमान वाटे, जणू त्याला पंख मीच लावले होते.

या सारसाची एक भाषा होती. काही बिघडले की तो जागच्या जागी थिजून जाई, आणि धडावरच्या पेटीतला लाल दिवा लुकलुकू लागे. त्या लुकलुकण्यात त्याच्या दुखण्याचे नाव असे. आधी काही ठोके, मग छोटा विराम, मग पुन्हा काही ठोके, आणि त्यानंतर एक मोठा विराम. मग तेच पहिल्यापासून. पहिल्या झुपक्याचा आकडा आणि दुसऱ्या झुपक्याचा आकडा जोडीने वाचायचे, की व्याधी कळली. यंत्राबरोबर आलेली जाडी इंग्रजी पुस्तिका मी अनेक संध्याकाळी खर्चून वाचून काढली होती. एक आणि तीन म्हणजे मानेच्या सांध्यातला स्विच बोलत नाही. दोष यंत्राचा, पाळणा खालच्या हातपंपाने उतरवून घ्या. तीन आणि एक म्हणजे पाळण्यातली पायपट्टी यंत्र सुरू होण्याआधीच दाबलेली आहे. दोष चालवणाऱ्याचा, त्याने पाय काढावा आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. मी सगळ्यांना एकच शिकवीत असे, की दिवा दिसताक्षणी मोजू नका. मोठा विराम येऊ द्या. तो गेला की मग पहिला ठोका धरा.

भजनाला बसणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. ताल चालू असतो, वाजवणारा वाजवीत असतो. समेवर न येता मध्येच कुठेतरी टाळी धरली तर मात्रा त्याच, बोल तेच, तरीही हाती भलताच ठेका लागतो. आणि गंमत अशी, की चुकलेल्याला आपण तालातच आहोत असे वाटत असते! आयुष्यात आपण कितीदा असे मध्येच मोजू लागतो? एखाद्याचा राग तेवढा पाहतो, त्याच्या आधीचे मौन पाहत नाही. दुसऱ्याचे उत्तर ऐकतो, त्याला आधी कुणी काय विचारले होते ते ऐकत नाही. पण हे तत्त्वज्ञान मला फार उशिरा सुचले. त्या काळी मी केवळ दिव्यांचा जाणकार होतो, आणि विदर्भात या यंत्राचा दिवा वाचणारा माझ्याखेरीज कुणी नाही, हे चार लोकांनी म्हटलेले मला फार गोड लागत असे.

सारस चालवायचा मारोतराव. मूळचा उमरेडचा, विणकराच्या घरातला. जमिनीत खड्डा करून बसवलेल्या हातमागावर त्याचे बालपण गेले होते. वर हात धोटा फेकीत आणि खाली पाय पावड्या दाबीत. त्यामुळे त्याच्या पावलाला एक विलक्षण हळुवारपणा होता. सारसाची पायपट्टी दाबून धरली तरच पाळणा हले, पाय उचलला की थांबे. दुसरे चालक दिवसभर पट्टी दाबून पायाला मुंग्या येतात म्हणून तिला दोरी बांधून ठेवीत, किंवा वर एखादी वीट टेकवून देत. यंत्र नेमके त्यानेच बिनसे, तरीही बांधीत. मारोतरावाने तसे कधी केले नाही. मी एकदा सहज विचारले तर हसून म्हणाला, "पावडीले काय करायचं थे पाय सांगते जी. दोरी काहून सांगन?" त्याने पाळणा नेला की वरच्या रंगाऱ्याच्या डब्यातला रंग हिंदकळत नसे. रंगारी त्याच्या पाळण्यात जायला भांडत.

त्याची धाकटी बहीण कौसल्या. तिचा नवरा गुलाब नागपुरात हाताला काम शोधीत होता, आणि मारोतरावाने मालकांना गळ घालून त्याला रंगकामावर लावून घेतले. पहिल्या दिवशी ती भाकरी बांधून नवऱ्याला कामाच्या जागी सोडायला आली. सारसाकडे मान वर करून पाहत राहिली आणि भावाला म्हणाली, "दादा, एवढ्या उंचावर नेतं, तं धरून ठेवशीन नं गा यायले?" मारोतराव म्हणाला, "अवं, पाळण्यात बसवतो, पाळण्यात! तुह्या पोराले नाही बसवलं कोणी असं." मग मेव्हण्याकडे वळून डोळे मिचकावीत, "काहो जवाईबापू, बसाले तं बसले, आता अंगाई कोण म्हणन?" गुलाब लाजून हसला. कौसल्येने पदर तोंडाशी धरला. ती तिघे त्या सकाळी ज्या रीतीने हसली, ते हसू मी जपून ठेवले आहे, जसे एखादे दुसऱ्याचे घड्याळ आपल्याकडे राहून जावे आणि परत करायची लाज वाटत राहावी.

तो दिवस नवतपातला होता, मेअखेरच्या त्या भाजणाऱ्या नऊ दिवसांतला. नागपूरच्या उन्हाची ज्याला सवय आहे, तोही त्या दिवसांत दुपारी सावली धरून चालतो. कोराडीच्या रस्त्याला एका कारखान्याची उंच पत्र्याची शेड आम्ही रंगवीत होतो. दूरवर वीजकेंद्राच्या धुरांड्यांचा धूर वारा नसल्यामुळे सरळ वर जाऊन थबकल्यासारखा दिसत होता. लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटावी असे ते तापलेले. दुपारच्या जेवणाआधी एवढा एक पट्टा उरकून घ्या, असे मालकांनीच सांगितले होते, आणि ते स्वतः मोटारीच्या सावलीत उभे राहून पाहत होते. मारोतराव आणि गुलाब पाळण्यात होते. सारसाने मान वाकवून शेडीच्या कडेशी नेली, आणि तिथेच तो थिजला. इंजिन बंद पडले. वरून मारोतरावाने साद घातली, "साहेब, अडकला जी! दिवा पाहा!"

मी पेटीकडे धावलो. तो दिवा त्या उन्हात किती फिका दिसत होता! दोन्ही तळहातांची ओंजळ करून मी त्यावर सावली धरली आणि आत डोळा लावला. मागे मालक येऊन उभे राहिले. "क्या है? कितना टाइम?" ते विचारीत होते. वर गुलाबला घेरी येऊ लागली होती, तो ओरडत होता, "दादा, मले चक्कर येऊन राहिली, मले खाली उतरवा!" आणि मारोतराव त्याला समजावीत होता, "खाली नोको पाहू, माह्याकडं पाहा. साहेब आहेत नं खाली." साहेब खाली होते, हे खरे. पण साहेबांनी मोठा विराम येऊ दिला नाही. ओंजळीच्या अंधारात पहिला जो ठोका दिसला तो मी धरला. एक, दोन, तीन. मग थांबा. मग एक. तीन आणि एक! मी मान वर केली आणि अख्ख्या आवारात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "मारोतराव, पाय काढा! पट्टी दाबली गेली आहे!"

"पाय तं उचललाच हाये, साहेब!"

"नीट काढा! पट्टीवर काही पडलंय का बघा!" त्याने पाय उचलून दाखवला, पट्टी झटकली, पुन्हा उचलला. त्या उंचीवर, कठड्याला धरून, एका पायावर उभा राहिलेला तो मोठा माणूस मला आजही दिसतो. मी इंजिन सुरू करून पाहिले, ते चालेना. पुन्हा ओरडलो. त्याने पुन्हा पाय झटकला. हातपंपाचा दांडा माझ्या डाव्या हाताशी होता. तो मारायला घेतला असता तर पाळणा तेव्हाच उतरू लागला असता. पण माझे निदान झाले होते ना! आणि निदान झालेला माणूस दुसरे काही पाहत नाही. त्या वाया गेलेल्या वेळात गुलाबचा धीर सुटला. तो कठडा ओलांडून सारसाच्या मानेवर उतरला, दोन्ही हातांनी लोखंडाला मिठी मारून घसरू लागला. मारोतरावाने त्याचा सदरा धरला तो फाटला. तापल्या लोखंडाने गुलाबचे तळवे भाजले, आणि भाजल्या हातांनी जे होते तेच झाले. बराच खाली आल्यावर त्याची पकड सुटली आणि तो गिट्टीवर पडला. पायाचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मी दांडा मारू लागलो, आणि मारोतराव सावकाश, अगदी सावकाश, पाळण्यातून खाली आला.

गुलाबला दवाखान्यात नेल्यावर मालकांनी सगळ्यांसमोर विचारले, "क्या था?" मी म्हणालो, "पायपट्टी. तीन आणि एक." त्यांनी मारोतरावाकडे पाहिले. कुणीतरी पाळण्यात डोकावले. दोरी नव्हती, पण तळाशी रंग पुसायचे एक फडके पडलेले होते. रंगाऱ्याच्या पाळण्यात फडके असायचेच, पण त्या क्षणी ते मलाही पुरावा वाटले. माझ्या सांगण्याला आधार मिळाला म्हणून मला हलके वाटले, हेही आज लिहून टाकतो. मारोतराव खाली मान घालून उभा होता. मला वाटले होते तो भांडेल, शिव्या देईल, निदान सारसाला एक लाथ घालील. तो म्हणाला, "साहेबानं मोजलं म्हणजे तसंच असन. फडकं आलं असन माह्या पायाखाली. मले समजलं नाही जी."

त्याचा स्वतःच्या पायापेक्षा माझ्या मोजण्यावर अधिक विश्वास होता. दुसऱ्याने आपल्यावर असा विश्वास ठेवला की आपण सुखावतो; तो किती जड असतो, हे पुढे कधीतरी कळते.

कौसल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आली तेव्हा मी तिथे होतो. ती रडली नाही. भावासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, जल्मभर पावड्यावर पाय ठेवला तू. आजच एवढा आळस काहून आला गा तुह्या पायाले?" तिने वाट पाहिली. मग म्हणाली, "आता माह्या घरी येऊ नोको." एवढे बोलून ती आत गेली, आणि तो व्हरांड्याच्या पायरीवर बसून आपल्या उजव्या पावलाकडे पाहत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. मालकांनी त्याला सारसावरून काढून खाली डबे उचलायला लावले. थोड्या दिवसांनी तो न सांगताच उमरेडला निघून गेला. गुलाबचे हाड जुळले, पण पाय आखूड राहिला. त्यालाही उंचीचे काम सुटले आणि तीही मंडळी उमरेडला परतली.

इथवरची हकीकत एका चुकीची आहे, गुन्ह्याची नव्हे. माणूस चुकतो, घाईत असतो, ऊन डोळ्यांत असते. गुन्हा पुढे आहे.

मारोतराव गेल्यानंतर सारसावर दुसरा चालक आला होता. एका सकाळी सारस पुन्हा थिजला. पाळणा जमिनीपासून फारसा वर नव्हता, चालक उडी मारून उतरला आणि बिडी पेटवून दूर बसला. सकाळची कोवळी वेळ होती, घाई नव्हती, मागे कुणी उभे नव्हते. दिवा स्वच्छ दिसत होता. मी मोठा विराम येऊ दिला. मग पहिला ठोका धरला. एक. छोटा विराम. तीन. मोठा विराम. एक. तीन. मग शिडी लावून मानेच्या सांध्याचे झाकण उघडले. आतली एक तार पत्र्याच्या कडेला घासून घासून सोलली गेली होती आणि तांबे आत तुटले होते. मान सरळ असली की दोन्ही टोके एकमेकांना टेकत आणि सारस चाले. मान विशिष्ट कोनात वाकली की टोके दूर होत आणि तो थिजे. हातपंपाचा दांडा मारून मी ती मान थोडी वाकवून पाहिली. तार सुटली. सरळ केली. तार जुळली. त्या दिवशी शेडीच्या कडेशी मान अशीच वाकलेली होती.

तार जोडायला कितीसा वेळ लागतो! कथलाचा डाग दिला, फीत गुंडाळली, झाकण लावले. मालक आले आणि म्हणाले, "क्या निकला?" माझ्या तोंडाशी सगळे आले होते. मारोतरावाचा उचललेला पाय, कौसल्येचा प्रश्न, गिट्टीवरचा तो आवाज, सगळे. आणि मी म्हणालो, "धूळ बसली होती." मालक मान हलवून गेले. नागपुरात धुळीवर कुणाचा विश्वास बसणार नाही?

मी का बोललो नाही, याची कारणे मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. गुलाबचा पाय त्याने सरळ होणार नव्हता. मारोतराव तर निघून गेला होता. मालकांनी मलाच काढले असते. यातले एकही खोटे नाही, आणि एकही खरे कारण नाही. खरे कारण एवढेच, की माझे मोजणे चुकत नाही असे लोक म्हणत, आणि मला ते म्हणत राहायला हवे होते. एका माणसाने आपला पाय माझ्या हवाली केला आणि मी तो माझ्या नावाखाली पुरून टाकला.

पुढे मी ती नोकरी सोडली, नागपूरच्या महाल भागात वायरिंगच्या सामानाचे लहानसे दुकान थाटले. एका वर्षी दिवाळी संपल्यावर मी एसटीने उमरेडला गेलो. वाटेवर एकच वाक्य मनाशी घोळवीत होतो: मारोतराव, पाय तुमचा नव्हता, मोजणे माझे चुकले. शेजारच्या बाकावरच्या माणसाने दोनदा माझ्याकडे वळून पाहिले, म्हणजे ओठ तेव्हापासूनच हलत असले पाहिजेत. विणकरांच्या आळीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी मागांचा खट्-खटाक आवाज येत होता. मारोतरावाचा माग दारातूनच दिसला. तो खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मला पाहून त्याने धोटा थांबवला, उठून हात जोडले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "अवं ऐकलं काय, आपले साहेब आले! दिव्याची भाषा वाचत नं, थे साहेब!"

त्याने मला भाकरी आणि लाखोळीच्या डाळीचे वरण वाढले, स्वतः समोर बसून वाढले. जुन्या गोष्टी काढल्या. गोंदियाच्या म्हाताऱ्याची नक्कल केली. "सारस काय म्हणते जी? चांगला हाये नं?" असे त्याने एखाद्या सोयऱ्याची चौकशी करावी तसे विचारले. मी त्याचे पाय पाहत होतो. अखेर मी म्हणालो, "मारोतराव, त्या दिवसाबद्दल..." आणि त्याने हात वर करून मला थांबवले. "थे नोका काढू साहेब. फडकंच आलं असन. इतके साल झाले, मी पावडीवर पाय ठेवला का आठवून पाहतो, पायाखाली काही लागलं होतं काय म्हणून. आठवत नाही." मग म्हणाला, "भाऊबीजेले पाट मांडतो जी दरसाल. यंदाही मांडला होता. चार घरं सोडून राहते कौसल्या. येईन एखाद्या साली."

तो मला पोहोचवायला आळीच्या तोंडापर्यंत आला. तिथल्या बोरिंगवर एक बाई दांडा मारून पाणी भरीत होती. तिने भावाला पाहून तोंड फिरवले, मग मला ओळखले. दांडा थांबवला, पदर सावरला आणि म्हणाली, "तुमीच थे साहेब नं जी? चांगलं केलं तुमी, खरं थे सांगतलं. नाहीतं भावाच्या मायेत मी आंधळी राहली असती." मारोतराव माझ्या बाजूलाच उभा होता. तो खाली पाहत हळूच म्हणाला, "खरं हाये तिचं."

सांग, याहून सोपी वेळ कुणाला मिळते? दोघेही समोर होती. ऐकणारे कान होते, दुपार होती, घाई नव्हती, मागे मालक उभे नव्हते. एक वाक्य, आणि पुढच्या दिवाळीत त्या पाटावर कुणीतरी बसले असते. मी त्या बाईकडे पाहिले, त्या भावाकडे पाहिले, आणि म्हणालो, "येतो मी. गाडी चुकेल." गाडीला पुष्कळ अवकाश होता. मी स्टँडवर बसून राहिलो, आणि बसल्या बसल्या पुन्हा जाण्यासाठी उठलो, आणि पुन्हा बसलो. गाडी आली. मी चढलो.

पुन्हा जाईन, पुढच्या महिन्यात जाईन, असे म्हणता म्हणता किती उन्हाळे गेले! मग एका लग्नात आमच्या जुन्या रंगाऱ्यांपैकी एक भेटला. पंगतीत शेजारी बसून जेवता जेवता म्हणाला, "मारोतराव गेले जी. बरेच दिवस झाले." बहीण आली होती का, एवढेच मी विचारले. तो म्हणाला, "आली होती. दारातच बसून राहिली. आत काही गेली नाही." गुलाबरावही गेले, माग विकला, आणि कौसल्याबाईंना मुलाने आपल्याकडे नेले, कुठे ते त्याला सांगता आले नाही. मी पुढे दोन-तीन जणांकडे चौकशी केली. कुणालाच ठाऊक नव्हते. त्या असतील तर आता माझ्याइतक्याच थकल्या असतील. हे लिखाण कधी त्यांच्यापर्यंत पोहोचेल का? कुणी त्यांना वाचून दाखवील का? तुझ्या ओळखीत उमरेडकडची एखादी वृद्धा असेल, जिला भाऊबीजेचा विषय सोसत नसेल, तर तिला एवढे वाचून दाखव.

वीज अजून आलेली नाही. पडद्यावरचे पाणी सुकत आले आहे, वाळ्याचा गंध ओसरतो आहे. कोपऱ्यातला दिवा लुकलुकतो आहे आणि त्याच्या लुकलुकण्याला काहीही अर्थ नाही, हे मला कळते. तरी मी आज ओठ मिटून बसलो आहे. मोठा विराम येऊ दिला आहे, जरा जास्तच मोठा. आता समेवरून मोजतो. एक. आणि मग तीन.

चूक माझी होती, मारोतराव. मला क्षमा करा. तुमचा पाय उचललेलाच होता.